तिसरा हंगाम: नऊ फुटांवरून सहावर आणि पुन्हा मागे

गोव्यातील मोरजी-आश्वेच्या किनाऱ्यावरचा माझा सर्फिंगचा तिसरा हंगाम मेच्या मध्यावर, दर्या खवळू लागला तसा संपला. महिन्यातून एकदा पुण्याहून रात्रीच्या बसने जायचे, दोन सकाळी पाण्यात काढायच्या आणि मिळालेल्या लाटा वहीत लिहून ठेवायच्या, असा माझा क्रम आहे. परवा ती वही चाळताना दुसऱ्या हंगामाची पाने जवळपास कोरी दिसली. त्याला कारण मी घाईने विकत घेतलेला बोर्ड.

पहिल्या हंगामात भाड्याचा ९ फुटी सॉफ्ट-टॉप होता. फोमचा, रबरी फिनांचा (खालच्या बाजूच्या पात्यांचा), सुमारे ८० लिटर घनफळाचा (घनफळ जितके जास्त, तितका बोर्ड जास्त तरंगतो) तो बोर्ड दिसायला दाराच्या फळीसारखा असला, तरी फुटून आलेल्या फेसाच्या लाटेवर तिसऱ्याच दिवशी मी त्यावर उभा राहिलो. हंगामाअखेर एका सकाळी आठ-दहा लाटा सहज मिळत होत्या, मात्र त्या बहुतेक फेसाच्याच, सरळ किनाऱ्याकडे नेणाऱ्या. एवढ्या भांडवलावर मी स्वतःला मध्यम दर्जाचा सर्फर समजू लागलो आणि ६ फूट २ इंचांचा फायबरचा जुना बोर्ड घेऊन मोकळा झालो.

खरे तर गणित आधीच करायला हवे होते. माझे वजन ७२ किलो आणि बोर्ड ३६ लिटरचा, म्हणजे किलोमागे अर्धा लिटर. शिकणाऱ्याला साधारण एक लिटर तरी लागतो. त्यावर बसलो की पाणी थेट छातीपर्यंत येई. हात मारताना बोर्ड पाण्यावरून घसरण्याऐवजी पाणी ढकलत राही, त्यामुळे लाट येऊन खालून निघून जाई आणि मी जागच्या जागी. डिसेंबरातील एका सकाळची नोंद अशी आहे: ‘दोन तास, एक लाट, तीही पोटावर.’

दोष त्या बोर्डाचा नव्हता. तीन फिनांची ती रचना ऑस्ट्रेलियाच्या सायमन अँडरसन यांनी रूढ केली आणि १९८१ मध्ये तिच्यावरच तिथली बेल्स बीचची सर्फिंग स्पर्धा जिंकली. उभ्या, वेगवान लाटेवर झटकन वळण्यासाठी ती उत्तम आहे. आश्वेची गुडघाभर उंचीची, मऊ, सावकाश फुटणारी लाट मात्र स्वतः फार वेग देत नाही. तिथे लांबी आणि रुंदीच कामाला येते. म्हणून दुसऱ्या किनाऱ्यावरच्या मित्राचा बोर्ड पाहून आपला ठरवू नये, असे माझे ठाम मत झाले आहे.

यंदा ऑक्टोबरात मुकाट्याने ८ फुटी सॉफ्ट-टॉपवर आलो. बोर्डाचे नाक, म्हणजे पुढचे टोक, बुडले तर आपण फार पुढे झोपलो आहोत आणि नाक वर उचलले गेले तर फार मागे, हे दोन दिवसांत पक्के कळले. योग्य जागी हनुवटी येईल तिथे मी लाल चिकटपट्टीचा तुकडा लावला. हास्यास्पद वाटेल, पण त्यानंतर न फुटलेली लाट माझी मला, कोणी मागून न ढकलता, मिळू लागली. जानेवारीपर्यंत एका सकाळी अशा पाच-सहा लाटा होऊ लागल्या. उजवीकडे वळणे जमले, डावीकडे अजून पाय अडखळतो.

फेब्रुवारीत ७ फूट ६ इंचांचा, सुमारे ५४ लिटरचा इपॉक्सी (कठीण राळेचा) बोर्ड दोन दिवस भाड्याने घेतला. पहिल्या सकाळी तीन लाटा, दुसऱ्या सकाळी सात. वळताना तो आठ फुटीपेक्षा स्पष्टपणे हलका वाटला, पण हात मारताना खांदे लवकर भरून आले. तरीही तो विकत घेण्याचा विचार डावे वळण सलग तीन सकाळी जमेपर्यंत पुढे ढकलला आहे. लहान बोर्ड सध्या घराच्या गच्चीत, जुन्या चादरीत गुंडाळून उभा आहे. ऑक्टोबरची पहिली बस पुन्हा आठ फुटीसाठीच.