जगिक गाणी ऐकावीत का?

आमच्या मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, ‘जगिक गाणी’ हे शब्द बहुधा नापसंतीच्या सुरातच उच्चारले जातात. ज्यात प्रभूचे नाव नाही ते गाणे जगिक आणि जे जगिक ते टाळलेले बरे, असा तो सरळ हिशेब असतो. तरुण संघातील मुले मात्र इअरफोन कानातून काढता काढता काय ऐकावे आणि काय ऐकू नये याची यादीच मागतात. अशी यादी कोणी करून देऊ नये, असे माझे मत आहे.

नाव असणे किंवा नसणे ही कसोटी पवित्र शास्त्रालाच, म्हणजे बायबललाच, लागू पडत नाही. त्यातील गीतरत्न या पुस्तकात ना आज्ञा आहेत, ना उपदेश. प्रियकर आणि प्रेयसीने एकमेकांच्या रूपाचे केलेले वर्णन आहे, आणि तेही चांगले मोकळे. गाणे कोणाच्या हातून आले हे पाहायचे म्हटले तरी गुंता सुटत नाही. गोव्यातील चर्चच्या शाळांत स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकलेले कितीतरी वादक पुढे मुंबईच्या चित्रपटसंगीतात आले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे त्यांपैकीच एक, आणि संगीतकार प्यारेलाल हे त्यांचे शिष्य. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांची वाद्यरचना वर्षानुवर्षे सेबॅस्टियन डिसोझा करीत असत. आपण ज्याला जगिक म्हणून बाजूला सारतो, त्यातील व्हायोलिनचा मेळ अनेकदा चर्चमध्येच तयार झालेल्या हातांचा असतो.

मग निवड कशी करायची? फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात प्रेषित पौलाने मनन करण्याजोग्या गोष्टी सांगितल्या आहेत आणि त्यांत ‘जे काही सत्य’ हे सर्वांत आधी येते. त्या दृष्टीने पाहिले, तर मुलाच्या मृत्यूवर आईने गायलेले शोकगीत, त्यात देवाचे नाव नसले तरी, मला ऐकण्यासारखे वाटते. उलट आमच्याच लोकांच्या हळदीला डीजेवर वाजणारी काही गाणी पाहा. ठेका असा की पाय थांबत नाहीत, शब्द असे की बाई म्हणजे ताटात वाढलेला पदार्थ. आणि समोर आठ-नऊ वर्षांच्या मुली त्याच शब्दांवर हावभावांसकट नाचत असतात, मोठी माणसे मोबाइलवर त्यांचे चित्रण करीत असतात. त्या मुलींना अर्थ कळत नाही हे खरे, पण शब्द पाठ झालेले असतात, आणि पाठ झालेले शब्द अर्थ कळण्याच्या वयाची वाट पाहत मनात राहतात. (सकाळी भांडी घासताना आपण नकळत काय गुणगुणतो, हे प्रत्येकाने एकदा लक्ष देऊन ऐकावे.)

हाच काटेकोरपणा भक्तिगीतांनाही लावायला हवा. गाण्याच्या आशयापेक्षा गाण्यानेच मन अधिक हलते तेव्हा आपण पाप करतो, अशी कबुली संत ऑगस्टीन यांनी दिली आहे. इतका कठोर मी होणार नाही. परंतु स्पीकरच्या दणक्यात शब्द बुडून जातात अशा उपासनेनंतर ऑगस्टीन यांची आठवण येते खरी.

महाराष्ट्रात यापेक्षा अवघड प्रश्न अभंगांचा आहे. ते जगिक नव्हेत, दुसऱ्या उपास्याची भक्ती आहेत. 1895 साली बाप्तिस्मा घेतलेले नारायण वामन टिळक आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे सांगत, आणि त्यांनी ख्रिस्तभक्तीसाठी अभंग आणि कीर्तन हेच साचे स्वीकारले. त्यामुळे भीमसेन जोशींच्या आवाजातील अभंग ऐकताना माझ्या विश्वासाला धक्का लागतो, असे मला वाटत नाही. मात्र करिंथ येथील मंडळीला मूर्तीपुढील नैवेद्याच्या मांसाविषयी पौलाने जे सांगितले, ते येथे नेमके लागू पडते: मला मोकळीक आहे, पण ती दुर्बळाला ठेच लागण्याचे कारण होऊ नये. आमच्या मंडळीतील एक गृहस्थ वारकरी घरातून आलेले आहेत. अभंग कानी पडला की आपण सोडून आलेले सारे घर उभे राहते आणि दोन दिवस प्रार्थनेत मन लागत नाही, असे ते सांगतात. ते आमच्याकडे येणार असले की मी रेडिओ बंद ठेवतो आणि ते गेल्यावर पुन्हा लावतो. यात दुटप्पीपणा आहे असे काहींना वाटते. मला तसे वाटत नाही.