तुम्ही विचारलंत म्हणून: उमेदवारांची प्रतिज्ञापत्रं मी का वाचतो?

निवडणूक लागली की माझ्या टेबलावर उमेदवारांच्या प्रतिज्ञापत्रांच्या, म्हणजे संपत्ती, गुन्हे, शिक्षण यांची त्यांनी शपथेवर दिलेल्या माहितीच्या, प्रिंट येऊन पडतात, शेजारी माझी लांब वही. आयकराचं विवरणपत्र भरायला आलेला माणूस ते पाहतो आणि हमखास विचारतो, "साहेब, हे वाचून काय मिळतं? खाल्लेलं कुणी कागदावर लिहितं का?" मागच्या विधानसभेच्या वेळी पुतणीनंही तेच विचारलं. तिचं ते पहिलंच मतदान होतं. तिला घाईत दिलेलं उत्तर अर्धवट राहिलं, म्हणून आज सविस्तर लिहितो.

मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी कर सल्लागार आहे. माझे बहुतेक पक्षकार किराणावाले, आडते, दूध संकलनवाले, दोन-चार डॉक्टर. त्यातल्या एका किराणा दुकानदारामुळे ही सवय लागली. नोटाबंदीत त्यांनी बँकेत ११ लाख ४० हजार रुपये भरले होते. पुढे नोटीस आली : एवढी रोकड कुठून आली, खुलासा करा. समाधानकारक खुलासा झाला नाही, तर त्या रकमेवर अधिभारासकट ७७ टक्क्यांच्या वर कर बसणार होता. म्हणजे दुकानच गेलं असतं.

चार रात्री आम्ही त्यांच्या माडीवर बसलो. उधारीच्या वह्या, मोंढ्यातल्या पट्ट्या, घाऊक व्यापाऱ्याची बिलं, सगळं सतरंजीवर पसरलेलं. घरातल्या बाईंनी ज्वारीच्या कणगीत जपून ठेवलेले ६२ हजार होते. ते पैसे कुठले, हे सांगताना त्या माउलीला रडू फुटलं. माहेरून आलेले, भिशीतले, दिवाळीला भावानं घातलेले. मी एकेक रक्कम लिहून घेत होतो. चौथ्या रात्री दुकानदारांनी चष्मा काढून ठेवला आणि म्हणाले, "वकीलसाब, आमदार-खासदाराला असं कुणी पुसतंय का ओ?"

मी गप्प बसलो. खरं उत्तर मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

त्याच २०१७ साली सर्वोच्च न्यायालयात नेमका हाच प्रश्न चालू होता. लखनौच्या 'लोकप्रहरी' या संस्थेची याचिका होती. आयकर खातं ज्याच्या हाताखाली चालतं, त्या केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळानं न्यायालयाला सांगितलं की, लोकसभेचे ७ खासदार आणि देशभरातले ९८ आमदार यांच्या संपत्तीतली वाढ पुढच्या चौकशीजोगी दिसते. नावं मात्र बंद लिफाफ्यात दिली. आमच्या दुकानदाराच्या बायकोला कणगीतल्या पैशाचा हिशेब परक्यासमोर उलगडावा लागला आणि ज्यांना आपण निवडून दिलं त्यांची नावं लिफाफ्यात! त्या दिवसापासून मी प्रतिज्ञापत्रं वाचायला लागलो.

हा कागद आपल्याला कुणी दान म्हणून दिलेला नाही. अहमदाबादच्या आयआयएममधल्या काही प्राध्यापकांनी १९९९ मध्ये असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स, म्हणजे एडीआर, ही संस्था काढली आणि न्यायालयात गेले. २ मे २००२ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की, उमेदवाराची संपत्ती, गुन्हे आणि शिक्षण हे मतदाराला कळलंच पाहिजे. एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे पक्ष तेव्हा एक झाले आणि हा निकाल बोथट करणारा कायदा त्यांनी केला. १३ मार्च २००३ ला न्यायालयानं त्यातलं मुख्य कलमच रद्द केलं. ज्यांच्यावर हा प्रकाश पडणार होता, त्यांचा विरोध मोडून आपल्याला हा कागद मिळालाय. आणि आपण तो उघडूनही पाहत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता वाचायचं कसं. वर्तमानपत्रं एकूण आकडा छापतात : अमुक उमेदवाराची संपत्ती पाच वर्षांत दुप्पट. त्यावरून फारसं काही कळत नाही. प्रतिज्ञापत्रात जमिनीची आजची अंदाजे किंमत लिहायची असते. बाजारभाव वाढला, रेडी रेकनर, म्हणजे जमिनीचा सरकारी दर, वाढला, की काहीही न करता आकडा फुगतो. घाटकोपर पूर्वचे आमदार पराग शाह यांची जाहीर संपत्ती २०१९ मध्ये सुमारे ५०० कोटी होती, २०२४ मध्ये ३,३८३ कोटी. ते मुळात मोठे बांधकाम व्यावसायिक. एवढ्या वाढीवरून कुणी त्यांना भ्रष्ट म्हणत असेल, तर मी त्याला थांबवीन. एकूण बेरीज गुन्हा सांगत नाही.

म्हणून मी बेरजेकडे नंतर बघतो, आधी ओळी बघतो. स्थावर मालमत्तेच्या तक्त्यात प्रत्येक गट नंबरापुढे वडिलोपार्जित की स्वकष्टार्जित, खरेदीची तारीख आणि खरेदीच्या वेळची किंमत लिहावी लागते. तीन-चार पानं आधी त्या माणसाचं आणि त्याच्या पत्नीचं गेल्या पाच वर्षांचं विवरणपत्रातलं उत्पन्न असतं. देण्यांचा तक्ता वेगळा. हे तिन्ही तक्ते शेजारी ठेवले, की दुकानदाराच्या माडीवर केलेला हिशेब इथंही करता येतो : आधीचं किती होतं, मधल्या काळात कमाई किती झाली, कर्ज किती काढलं, आणि नवीन काय घेतलं.

माझ्या वहीतलं एक पान सांगतो. नाव सांगणार नाही. आमच्याच भागातले एक लोकप्रतिनिधी. पहिल्या प्रतिज्ञापत्रात १४ एकर वडिलोपार्जित कोरडवाहू, एक घर, एक जुनी जीप, १२ तोळे सोनं. पाच वर्षांनी त्यात सात नवे गट, दोनच गावांतले, त्यातले तीन पत्नीच्या नावे. सगळी खरेदी दीड वर्षाच्या आतली. त्यांनीच लिहिलेली खरेदी किंमत १ कोटी ९० लाख. दोघांचं पाच वर्षांचं मिळून उत्पन्न ४६ लाख, बँकेचं कर्ज २० लाख. शेतीचं उत्पन्न करमुक्त असतं आणि त्या रकान्यात दिसत नाही, म्हणून तेही मी सढळ हातानं धरलं. कोरडवाहू सोयाबीन-तुरीला दर वर्षी एकरी निव्वळ ३० हजार धरले तरी २१ लाख होतात. राहिले १ कोटी ३ लाख. आणि या हिशेबात त्या घरानं पाच वर्षांत एक भाकरीही खाल्लेली नाही, दोन मुलांच्या शिक्षणाला एक रुपयाही लागलेला नाही. नंतर बाह्यवळण रस्त्याची आखणी जाहीर झाली, तो त्याच दोन गावांतून जातो.

मी त्यांना चोर म्हणत नाही. एखादा प्लॉट विकला असेल, सासरकडून काही आलं असेल, शेतीतून मी धरलं त्याहून जास्त मिळालं असेल. पण माझ्या दुकानदाराला ११ लाखांचा खुलासा मागितला गेला, तसा या १ कोटी ३ लाखांचा खुलासा कुणी मागितल्याचं माझ्या कानावर आलं नाही.

पुतणीनं इथं मला अडवलं होतं. म्हणाली, "काका, पैसेवालेच उभे राहतात, आणि पैशाला पैसा लागतो. हरलेल्याचीही वाढत असेल की!" शंका रास्त आहे, आणि तिचं उत्तर अभ्यासकांनी शोधून ठेवलंय. रेमंड फिस्मन, फ्लोरियन शुल्झ आणि विक्रांत विग या तिघांनी आपल्याच देशातली ही प्रतिज्ञापत्रं घेऊन निवडून आलेला आणि दुसऱ्या क्रमांकावर पडलेला उमेदवार यांची संपत्ती ताडून पाहिली. त्यांचा निबंध २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. जिंकलेल्याची संपत्ती हरलेल्यापेक्षा वर्षाला ३ ते ५ टक्क्यांनी अधिक वेगानं वाढलेली निघाली. मंत्री झालेल्यांच्या बाबतीत हा फरक आणखी मोठा. दोघेही सारखेच पैसेवाले, सारखेच ओळखीपाळखीचे. फरक फक्त खुर्चीचा. आणि ही त्यांनी स्वतः लिहून दिलेली संपत्ती. मेव्हण्याच्या, चालकाच्या, गुत्तेदार मित्राच्या नावावर असलेली यात नाही.

गुत्तेदाराचं नाव निघालं, तर खर्चाचंही बोललंच पाहिजे. विधानसभेच्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा ४० लाख आहे. आमच्या गावात गेल्या निवडणुकीत महिनाभर रोज रात्री जेवणावळी चालल्या, तीन-तीन मंडपांत. जेसीबीला लटकवलेले क्विंटल-क्विंटलचे हार तुम्हीही पाहिले असतील. मी हिशेबाचा माणूस आहे. ४० लाखांत हे बसत नाही, हे मंडपवाल्यालाही कळतं आणि आचाऱ्यालाही. वरचा पैसा कुणीतरी घालतो, आणि घालणारा तो पुढच्या पाच वर्षांत रस्त्याच्या, बंधाऱ्याच्या, शाळेच्या खोलीच्या कामातून काढतो. टक्केवारी ठरलेली असते. मग डांबर पहिल्याच पावसाळ्यात उखडतं. माझ्या वहीतल्या त्या सात गटांची किंमत आमच्या शाळेच्या गळक्या छतानं मोजली असेल का, हा विचार मला सुखानं झोपू देत नाही.

पंचायत ही की, साधा माणूस आता निवडणुकीच्या वाटेलाच जात नाही. लोकसभेत २००९ मध्ये ५८ टक्के खासदार कोट्यधीश होते, २०२४ मध्ये ९३ टक्के. आपल्या विधानसभेत निवडून आलेल्यांची सरासरी संपत्ती एडीआरच्या हिशेबानं २०१९ मध्ये २२ कोटींवर होती, २०२४ मध्ये ४३ कोटींवर गेली. ज्यांची शेती कोरडवाहू आहे, त्यांच्या वतीनं ही माणसं पीकविम्यावर बोलतात.

कायदा काय करतो? बेहिशेबी मालमत्तेचं कलम आहे, आणि त्यातही माझ्या वहीतलाच हिशेब करतात : ज्ञात उत्पन्न, खर्च, उरलेलं. पण तामिळनाडूच्या मुख्यमंत्री राहिलेल्या जयललितांचं प्रकरण आठवा. १९९६ मध्ये सुरू झालं, सर्वोच्च न्यायालयाचा अखेरचा शब्द फेब्रुवारी २०१७ मध्ये आला, त्यांच्या मृत्यूनंतर. प्रतिज्ञापत्रात खोटं लिहिलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड. लोकप्रहरीच्या याचिकेवर १६ फेब्रुवारी २०१८ ला न्यायमूर्ती चेलमेश्वर आणि न्यायमूर्ती नझीर यांनी निकाल दिला. उमेदवारानं स्वतःच्या, जोडीदाराच्या आणि अवलंबितांच्या उत्पन्नाचा स्रोत सांगितला पाहिजे, आणि लोकप्रतिनिधींच्या संपत्तीवर लक्ष ठेवणारी कायमस्वरूपी यंत्रणा असली पाहिजे. पहिल्या गोष्टीसाठी नमुना २६ मध्ये, म्हणजे प्रतिज्ञापत्राच्या ठरलेल्या नमुन्यात, रकाना आहे. त्या रकान्यात आता 'शेती व समाजकार्य' असं लिहून मोकळं होतात. समाजकार्यातून उत्पन्न कसं येतं, हे विचारायला ती यंत्रणा हवी होती. ती मला अजून कुठं दिसली नाही.

ती येईपर्यंत वाचायचं आपणच, म्हणून मी वाचतो. पुतणीनं परवा निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावरून आपल्या मतदारसंघातली २०१९ आणि २०२४ ची दोन्ही प्रतिज्ञापत्रं उतरवून घेतली. आधी मी जमिनीचा तक्ता तिच्यापुढे ठेवला. अर्ध्या तासात तिनं पेन्सिलीनं तीन ओळींखाली रेघ मारली, आणि त्यातल्या एका ओळीपुढे खरेदीची तारीखच नाही, हे माझ्या नजरेतून सुटलेलं तिनं दाखवलं.

तुम्हालाही बसायचं असेल, तर आपल्या आमदारांची दोन्ही प्रतिज्ञापत्रं घेऊन रविवारी सकाळी या. जुलैत विवरणपत्रांची घाई असते, तेवढा महिना सोडून.