मेकाँगवरचे दोन दिवस आणि एक ॲल्युमिनियमचा चमचा

थायलंडमधून लाओसला जायचंय, विमान घेऊ, रात्रीची बस घेऊ की मेकाँग नदीतून दोन दिवसांत लुआंग प्रबांगला नेणारी ती स्लो बोट, हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की एकदा नीट लिहूनच टाकते. उत्तर बोट. दोन दिवस हातात असतील तर डोळे झाकून बोट. आणि नसतील तर दुसरीकडचे कुठलेतरी दोन दिवस कमी करा, पण जा बोटीनेच.

मी गेले होते २०१९ च्या जानेवारीत. एकटीच, पाठीवर ४० लिटरची सॅक, थायलंड, लाओस, व्हिएतनाम, कंबोडिया असा तीन महिन्यांचा प्लॅन. या रूटला बॅकपॅकर लोकांत 'बनाना पॅनकेक ट्रेल' म्हणतात, कारण पाठीवर सॅक घेतलेली पोरं जिथे जिथे स्वस्तात राहायला लागली तिथे तिथे केळ्याचं पॅनकेक मिळायला लागलं. त्याच्या आधीच्या पिढीचा रस्ता वेगळा होता, युरोपातून निघायचं आणि इस्तंबूल, तेहरान, काबूल करत बसने थेट दिल्ली नाहीतर काठमांडू गाठायचं. १९७९ मध्ये इराणमध्ये क्रांती झाली, त्याच वर्षाच्या शेवटी अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजा शिरल्या आणि तो रस्ता बंदच पडला. हॉस्टेलमध्ये एक पिकल्या केसांचे जर्मन काका भेटले होते, ते त्या बसने काबूलपर्यंत जाऊन आलेले, त्यांचं ऐकत रात्री दोन वाजेपर्यंत बसले होते मी. तो वेगळा विषय आहे, परत कधीतरी.

तर, थायलंडच्या बाजूला चियांग खोंग, समोर नदीपलीकडे लाओसचं हुआय साय. पूर्वी छोट्या होडीने पलीकडे सोडायचे, पण २०१३ च्या डिसेंबरमध्ये चौथा मैत्री पूल सुरू झाला तेव्हापासून आपल्याला पुलावरूनच जावं लागतं, आणि तोही चालत ओलांडू देत नाहीत, शटल बसचं तिकीट काढायचं. पलीकडे फॉर्म, एक पासपोर्ट साईझ फोटो आणि डॉलर दिले की व्हिसा. डॉलरच्या नोटा मात्र कोऱ्या ठेवा, माझ्या पुढच्या मुलीची कोपरा फाटलेली नोट परत दिली आणि बिचारी सगळी बॅग उपसत बसली. मग किप, म्हणजे लाओसचे पैसे, घ्यायचे. तेव्हा एका डॉलरला साडेआठ हजारांच्या आसपास किप मिळायचे (आता तर वीस हजारांच्या पुढे गेलेत), त्यामुळे पहिले दोन दिवस प्रत्येक वेळी शून्यं मोजण्यातच जातात.

इथे एक सांगते कारण मला याचा खरंच राग आलाय. थायलंडच्या बाजूला एका एजन्सीवाल्याने मला सांगितलं की पाकबेंगमध्ये, म्हणजे बोट रात्री थांबते त्या गावात, राहायला खोल्या शिल्लक नाहीत, पोरी एकट्या अडकतात, माझ्याकडूनच बोट आणि खोलीचं पॅकेज घे. मी घाबरून घेतलं. बोटीवर शेजारी विचारलं तर माझ्या जवळपास निम्म्या पैशात लोकांनी धक्क्यावर तिकीट काढलेलं, दोन लाख किपच्या थोडं वर, आणि पाकबेंगला उतरल्यावर बघते तर गेस्टहाऊसवाले खोल्यांचे फोटो घेऊन काठावर उभेच. एकट्या मुलीच्या भीतीवर धंदा करणं मला अजिबात पटत नाही. तिकीट धक्क्यावरच काढा.

बोट म्हणजे लांबलचक लाकडी होडी, वर छप्पर, बाजू उघड्या आणि बसायला जुन्या गाड्यांमधून काढलेल्या सीट, त्याही खाली पक्क्या केलेल्या नसतात, नुसत्या मांडलेल्या. इंजिन मागे, आणि त्याचा आवाज असा की मागच्या चार रांगांत बोलणं शक्य नाही. साधारण ३०० किलोमीटर पाण्यातून, पहिल्या दिवशी सहा-सात तास, रात्री पाकबेंग, दुसऱ्या दिवशी परत तेवढेच किंवा जास्त. स्पीडबोट पण असते, तेच अंतर सहा-सात तासांत कापते, त्यात हेल्मेट घालून बसवतात आणि नदीत मध्येमध्ये खडक आहेत, तेव्हा मी तरी कोणाला सांगणार नाही.

सुरुवातीला एक काठ थायलंडचा, एक लाओसचा, मग थोड्या वेळाने थायलंड संपतो आणि दोन्ही बाजूंना लाओसच. डोंगर, सागाची झाडं, पांढरी वाळू, त्यात म्हशी. जानेवारीत सकाळी चांगलीच थंडी असते, सगळे जे मिळेल ते अंगावर घेऊन बसलेले. पहिला तासभर सगळ्यांचे फोटो चालू होते, मग मोबाईलची रेंज गेली आणि हळूहळू बोट शांत झाली. कोणी पत्ते काढले, कोणी झोपलं. कोरियाचा एक मुलगा वहीत नदीचं चित्र काढत होता, प्रत्येक वळणाचं वेगळं.

मी शेजारच्या सीटवर माझी सॅक ठेवली होती. तासा-दीड तासाने एका वाळूच्या काठावर बोट थांबली, ना धक्का ना पाटी, नुसती वाळू आणि वर डोंगरात जाणारी पायवाट, आणि तिथून तांदळाचं पोतं, दोन कोंबड्या आणि एक आजी बोटीत चढल्या. सीट कुठेच रिकामी नाही. मी पटकन सॅक खाली ठेवली आणि त्या बसल्या. सत्तरीच्या असतील, कमरेला लाओ पद्धतीचा विणलेला सिन, म्हणजे लुंगीसारखं गुंडाळायचं वस्त्र, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. मी 'सबायदी' म्हटलं, त्या हसल्या, आणि मला येणारी लाओ भाषा तिथेच संपली.

पण जेवायची वेळ झाल्यावर त्यांनी पिशवीतून बांबूची झाकणाची टोपली काढली, त्यात खाओ न्याओ, म्हणजे इथला चिकट भात. तो चमच्याने खात नाहीत, टोपलीतून थोडा तोडायचा, मुठीत दाबून आपण मुटका करतो तसा करायचा आणि तोंडी लावण्यात बुडवायचा. तोंडी लावायला एक लालभडक चटणी, जेओ बाँग, आणि हिरवा काळपट कागदासारखा एक कुरकुरीत पदार्थ, वर तीळ. मला खूण केली, खा. मी भात हातात घेतला तर तो बोटांना चिकटायला लागला, मग त्यांनी माझा हात धरून दाखवलं, नुसत्या बोटांनी नाही, तळहातावर दाबायचा. हाताचा तळवा एकदम खरखरीत. चटणीत सुकवलेलं म्हशीचं कातडं असतं हे मला नंतर कळलं, मी सगळं खाते त्यामुळे प्रश्न नव्हता, पण शाकाहारी असाल तर आधी विचारा. तो हिरवा कुरकुरीत प्रकार काय ते काही मला कळेना, पण मी तीन तुकडे खाल्ले.

मग मी नदीकडे बोट दाखवून नुसतंच 'मेकाँग?' म्हटलं. त्या म्हणाल्या 'नाम खोंग'. पूर्ण नाव माए नाम खोंग, माए म्हणजे आई आणि नाम म्हणजे पाणी, माए नाम म्हणजे नदी. हे मी आधी कुठेतरी वाचलं होतं पण त्यांच्या तोंडून नाव ऐकलं आणि लगेच कृष्णामाई आठवली. तिबेटच्या पठारावर उगम पावून सहा देशांतून जाणारी नदी, आणि तिच्याही नावात आईच. उगाच घशाशी आलं माझ्या. संध्याकाळच्या आधी अशाच एका वाळूच्या काठावर त्या उतरल्या, पोतं उचलायला एक मुलगा खाली आला होता. त्यांनी वळून बघितलं नाही, सरळ पायवाटेने वर गेल्या.

पाकबेंगबद्दल फार काही सांगण्यासारखं नाही, एक चढाचा रस्ता, दोन्ही बाजूंना गेस्टहाऊस. सकाळी धुकं इतकं की नदी दिसत नव्हती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळकडे नाम ऊ नदी मेकाँगला मिळते तिथे समोरच्या कड्यात पाक ऊची लेणी दिसतात, आत बुद्धाच्या हजारो मूर्ती आहेत, बोटीतून मात्र नुसता काळा कडा आणि पांढऱ्या पायऱ्या. आणि मग लुआंग प्रबांग. बोट गावाबाहेर आठ-दहा किलोमीटरवर सोडते, पुढे टुकटुक.

लुआंग प्रबांग १९९५ पासून युनेस्कोच्या यादीत आहे आणि सगळे जण तिथल्या पहाटेच्या भिक्षेसाठी जातात, ताक बात म्हणतात त्याला. उजाडायच्या सुमारास भगव्या वस्त्रातले भिक्खू अनवाणी, एका रांगेत, काही न बोलता चालत येतात आणि गावातले लोक गुडघ्यावर बसून प्रत्येकाच्या पात्रात चिमूटभर भात टाकतात. आपल्या माधुकरीची आठवण येतेच. पण मोठ्या रस्त्यावर पर्यटक भिक्खूंच्या तोंडापाशी कॅमेरा नेऊन फ्लॅश मारत होते, ते बघून मला फार वाईट वाटलं. ही कोणाची तरी रोजची पूजा आहे हो. दुसऱ्या दिवशी मी मागच्या गल्लीत गेले, रस्त्याच्या पलीकडे भिंतीला टेकून उभी राहिले, फोन खिशात. रांगेच्या शेवटी एक लहान पोरगी टोपली घेऊन बसली होती, दोन भिक्खूंनी आपल्या पात्रातला भात तिच्या टोपलीत टाकला आणि पुढे गेले.

त्याच गल्लीतून नदीकडे उतरले तर बांबूच्या चौकटींवर हिरवे पातळ थर वाळत घातलेले, अगदी उन्हाळ्यात गच्चीवर आपलं वाळवण असतं तसे. वर तीळ, टोमॅटोच्या आणि लसणाच्या चकत्या. आजींचा तो कुरकुरीत पदार्थ! काइपेन म्हणतात, नदीतलं शेवाळ धुऊन, पसरून वाळवतात आणि तळून खातात. पाणी उतरलेलं असताना खडकांवरून काढतात, म्हणजे नेमका हाच सीझन.

रात्रीच्या बाजारात मी एक चमचा घेतला. साधा ॲल्युमिनियमचा, हातात घेतला तर इतका हलका की काहीच नाही. विकणारी बाई म्हणाली, 'बॉम्ब'. अमेरिकेने १९६४ ते १९७३ मध्ये लाओसवर वीस लाख टनांहून जास्त बॉम्ब टाकले, तेही व्हिएतनामच्या युद्धात, लाओसशी युद्ध न पुकारता. त्यातलं ॲल्युमिनियम वितळवून शियांग खुआंग प्रांतातल्या नापिया गावात लोक चमचे ओततात. मला ते तेव्हा फार छान वाटलं, बॉम्बचा चमचा, आणि मी रात्री डॉर्ममध्ये सगळ्यांना दाखवला.

दुसऱ्या दिवशी यूएक्सओ लाओचं, म्हणजे न फुटलेले बॉम्ब शोधून काढणाऱ्या संस्थेचं, सेंटर बघितलं. तिथे क्लस्टर बॉम्बमधले, म्हणजे एका मोठ्या बॉम्बमधून विखुरणारे, छोटे गोळे ठेवलेत, टेनिसच्या चेंडूएवढे. असे २७ कोटींच्या वर टाकले आणि त्यातले तीस टक्क्यांपर्यंत फुटलेच नाहीत, अजून शेतात आहेत, कुदळ मारली की फुटतात, पोरं चेंडू समजून उचलतात. शिवाय भंगाराला भाव मिळतो म्हणून लोक मुद्दाम धातू शोधत फिरतात आणि त्यात जीव जातात. मी तिथल्या बाकावर बसले आणि खिशातला चमचा एकदम जड वाटायला लागला. बोटीवरच्या आजी सत्तरीच्या असतील तर तेव्हा त्या वीस-पंचवीसच्या. त्या तेव्हा कुठे होत्या, त्यांनी काय बघितलं, मला काहीच माहीत नाही, त्यांनी मला भात कसा दाबायचा तेवढं शिकवलं.

चमचा अजून माझ्याकडे आहे. दुसरा घेणार नाही. नापियात जाऊन ओतताना बघितलेला असेल तर गोष्ट वेगळी, ते गावाचं पोट आहे, पण बाजारातला ढीग बघून घ्यायचा असेल तर तेवढे किप त्या सेंटरच्या पेटीत टाका, त्यातून जमिनी साफ होतात.

तिथून राजधानी व्हिएंतियानला मी बसने गेले, घाटातून अख्खा दिवस, उलट्या करत. २०२१ च्या डिसेंबरपासून तिथे रेल्वे सुरू झालीये, दोन तासांत पोचता, ती जरूर घ्या, त्यात काही गमावत नाही तुम्ही. बोट मात्र बोटच. पुढच्या बाजूला बसा, इंजिनापासून लांब, उबेचं काहीतरी वर काढून ठेवा, आणि शेजारच्या सीटवर सॅक ठेवू नका.