गेटवर आलेला अर्ज

क्वालिटी इन्स्पेक्टरच्या एका जागेसाठी मुलाखतीला कोणाला बोलवायचे, त्याची यादी त्या दिवशी दुपारपर्यंत द्यायची होती. भोसरीतल्या आमच्या कारखान्यात वाहनांचे सुटे भाग तयार होतात आणि भरतीचे काम माझ्याकडे आहे. अर्जासोबत जोडलेले पत्र बहुतेक ठिकाणी कोणी उघडतच नाही, याची बाहेरच्या माणसाला कल्पना नसते. पोर्टल बायोडेटा जाहिरातीतल्या शब्दांशी ताडून पाहते, गुण देते, आणि पत्र ‘इतर कागदपत्रे’ या रकान्यात पडून राहते. मी मात्र ती पत्रे उघडते. या विभागात येण्यापूर्वी मी काही वर्षे तपासणी विभागात काढली आहेत, आणि माप घेणाऱ्या माणसाची पारख नुसत्या बायोडेट्यावरून होत नाही, असे माझे ठाम मत आहे.

पण उघडलेल्या पत्रांतून हाती फारसे लागत नाही. ‘आपल्या नामांकित कंपनीच्या प्रगतीत हातभार लावण्याची संधी मिळावी’ हे वाक्य इतक्या पत्रांत जसेच्या तसे असते की अर्जदार कोण, हे नाव झाकल्यास सांगता येणार नाही. काही पत्रांत तर आधी अर्ज केलेल्या कंपनीचे नाव तसेच राहून गेलेले असते. यात मुलांना दोष द्यावासा मला वाटत नाही. शाळेत अर्ज शिकवताना प्रति, विषय, संदर्भ, महोदय आणि आपला विश्वासू हे सारे जागच्या जागी असले की गुण मिळतात. मधल्या मजकुरात काय असावे, हे कोणी सांगत नाही. पुढे कॉलेजमध्ये एकच नमुना साऱ्या वर्गाला वाटला जातो.

त्या दिवशी सिक्युरिटीकडून आलेल्या टपालात एक पाकीट होते. भोसरी-चाकणकडे अजूनही मुले गेटवर येऊन अर्ज देऊन जातात. त्यातले पत्र मराठीत, हाताने लिहिलेले आणि एका पानाचे होते. विषयाच्या ओळीत पदाचे नाव आणि जाहिरातीची तारीख होती. पहिल्याच वाक्यात त्याने लिहिले होते की जाहिरातीत बोअरची, म्हणजे भागातल्या गोल छिद्राची, इन-प्रोसेस (काम चालू असतानाची) तपासणी मागितली आहे आणि तो सध्या तेच काम करतो. त्यानंतर त्याने एकच प्रसंग मांडला होता. त्यांच्याकडच्या ५० मिलिमीटर बोअरमध्ये बेअरिंग बसत नाही, अशी ग्राहकाची तक्रार वारंवार येत होती, आणि एअर गेजवर, म्हणजे हवेच्या साहाय्याने छिद्राचा व्यास मोजणाऱ्या उपकरणावर, तर सगळे पीस मापात दिसत होते. त्याच्या लक्षात आले की चहाच्या सुट्टीआधी कापलेले पण सुट्टीनंतर मोजलेले पीस कधीच परत येत नाहीत. मशिनवरून उतरल्या उतरल्या मोजलेला पीस गरम असतो आणि ज्या ठरावीक मापाच्या कड्यावर गेज लावून घेतात ती मास्टर रिंग मात्र शॉपच्या तपमानाला असते. वीस अंशांचा फरक असेल, तर एवढ्या व्यासाचे पोलादी बोअर थंड झाल्यावर अकरा-बारा मायक्रॉनने (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आकसते. एच-७ या प्रमाणित श्रेणीत मापाला मिळणारी सगळी सवलतच २५ मायक्रॉनची आहे. त्याने पीस थंड होऊ देऊन मग मोजण्याचा आग्रह धरला, सुपरवायझरकडून ते कंट्रोल प्लॅनमध्ये, म्हणजे काय कसे तपासायचे याच्या लेखी आराखड्यात, लिहून घेतले आणि तक्रारी थांबल्या. शेवटी त्याने स्पष्ट लिहिले होते: ‘सीएमएमचा रिपोर्ट मला वाचता येतो, मशीन मी स्वतः चालवलेले नाही.’ सीएमएम म्हणजे भागाची मापे बिंदू-बिंदूने टिपणारे मोजमापाचे यंत्र.

मी पोर्टलवर त्याचे नाव शोधले. तो आयटीआय मशिनिस्ट, आणि जाहिरातीत मागितले होते डिप्लोमा आणि सीएमएम. तो पहिल्याच चाळणीत बाद झालेला होता.

पत्र घेऊन मी क्वालिटी विभागाच्या प्रमुखांकडे गेले. त्यांनी ते दोनदा वाचले आणि म्हणाले, “मॅडम, माणूस चांगला आहे, पण ऑडिटर डिप्लोमा विचारेल.” हे उत्तर मी वर्षानुवर्षे ऐकत आले आहे आणि ते बरोबर नाही. आयएसओ ९००१:२०१५ या गुणवत्ता व्यवस्थापनाच्या मानकाच्या ७.२ या कलमात योग्य शिक्षण, प्रशिक्षण किंवा अनुभव यांवर आधारित सक्षमता मागितली आहे आणि तिचा लेखी पुरावा ठेवायला सांगितले आहे. डिप्लोमाची अट आपणच घालतो आणि नाव ऑडिटरचे सांगतो. मी हे कलम त्यांच्यापुढे ठेवले, तेव्हा त्यांनी त्याचे नाव यादीत घेतले.

मुलाखतीत तो इंग्रजीत अडखळला. पीस हातात दिल्यावर मात्र त्याने माप घेण्याआधी तळहाताने त्याची उष्णता पाहिली, हे प्रमुखांच्याही नजरेतून सुटले नाही. तरीही जागा सीएमएम चालवणाऱ्या मुलाला मिळाली. विभागातला ते मशीन चालवणारा माणूस नोकरी सोडून गेला होता, त्यामुळे तो निर्णय मी चुकीचा म्हणू शकत नाही. माझ्या मनातून जात नाही ती वेगळीच गोष्ट आहे: इतके नेमके पत्र लिहूनही तो आमच्यापर्यंत पोहोचला तो केवळ गेटवर पाकीट दिल्यामुळे, आणि पोर्टलवर अशी किती पत्रे न उघडता राहिली असतील, हे शोधायला कोणालाही सवड नाही.

पुढच्या आठवड्यात त्याचा फोन आला. नाराजी नव्हती, “सीएमएमचे वाक्य पुढच्या अर्जातून काढू का, मॅडम?” एवढेच त्याला विचारायचे होते. मी त्याला सांगितले की ते वाक्य राहू दे, आणि शक्य झाल्यास सीएमएमचा छोटा कोर्स करून त्याची नोंद त्याच वाक्यात कर. आता तो ज्या कंपनीत अर्ज करणार होता तिथे गेटवर पाकीट घेत नाहीत, म्हणून बोअरचा प्रसंग तीन ओळींत आवळून बायोडेट्यात सगळ्यात वर घालायला आणि जाहिरातीतले शब्द, एअर गेज, इन-प्रोसेस, कंट्रोल प्लॅन, त्यात जसेच्या तसे आणायलाही सांगितले.