तो तुमचा कोण लागायचा?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते, नाहीतर हे असं बसून लिहायचं मनात नव्हतं. 2025 च्या जुलैत ऑझी ऑस्बर्न गेला आणि आम्ही काही जणांनी इथे सोलापुरात त्याच्यासाठी एक संध्याकाळ केली. तेव्हापासून स्टाफरूममध्ये, मंडईत, अगदी भाचीच्या साखरपुड्यातसुद्धा मला एकच प्रश्न येतो : "मॅडम, तो तुमचा कोण लागायचा हो?" विचारणाऱ्याच्या मनात खोट नसते. गणित शिकवणारी, पन्नाशी ओलांडलेली बाई आणि डोळ्यांत काजळ फासलेला, बोटांवर स्वतःचं नाव गोंदलेला इंग्रज गायक, ही जोडी त्यांना जुळवता येत नाही.

कोणी लागत नव्हता. खरं तर एवढ्यावर उत्तर संपायला हरकत नाही. पण मग आमच्या बाबांचं सांगायचं राहून जातं.

बाबा मिलमध्ये विणकर होते. 1877 साली इथे जुनी मिल सुरू झाली तेव्हापासून या गावातली कितीतरी घरं भोंग्यावर उठली, भोंग्यावर जेवली, त्यातलंच आमचं एक. मागांच्या खात्यात शेकडो धोटे एकाच वेळी इकडून तिकडे आपटत असायचे. तिथे माणसं तोंडाने बोलत नसत. ओठ वाचायची, हातवारे करायची. चाळिशीतच बाबांना कमी ऐकू यायला लागलं. त्यामुळे आमच्या घरात सगळंच मोठ्याने होतं. रेडिओ मोठ्याने, भांडण मोठ्याने, आरतीसुद्धा शेजारच्या वाड्याला ऐकू जाईल अशी. दादा पुण्याला शिकायला गेला आणि एका दिवाळीला 'ब्लॅक सॅबथ' नावाच्या बँडची कॅसेट घेऊन आला. आई म्हणाली, "बंद कर ते, सणासुदीचं घरात काहीतरी शिरल्यासारखं वाटतंय." बाबा काही बोलले नाहीत. उठून टेपरेकॉर्डरपाशी गेले, त्याच्या लाकडी टेबलावर पंजा टेकवून उभे राहिले आणि थोड्या वेळाने म्हणाले, "ह्यात माग चाललाय की रे."

बाबांना इंग्रजीचा शब्द कळत नव्हता. पण ते बोलले त्यात चूक काहीच नव्हती. हा बँड इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या ॲस्टन भागातला. ओतशाळा, प्रेस, मोटारींचे सुटे भाग बनवणारे कारखाने, असा तो भाग. बँडचा गायक ऑझी तिथेच वाढला, जन्म 3 डिसेंबर 1948 चा. घर लहान, भावंडं पाच. शाळेत अक्षरं डोक्यात शिरत नसत. पंधराव्या वर्षी शाळा सुटली. मग खाटीकखान्यात काम केलं, कारखान्यात मोटारींचे हॉर्न जुळवायचं काम केलं, दुकान फोडून काही आठवडे तुरुंगातही जाऊन आला. त्याच्याच गल्लीबोळात वाढलेला, बँडचा गिटारवादक टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात होता. सतराव्या वर्षी, कामाच्या शेवटच्या दिवशी, प्रेसमध्ये सापडून त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. टोनी डावखुरा, म्हणजे गिटारच्या तारा दाबायचा तोच हात. फोरमनने त्याला जँगो राइनहार्ट या जॅझ गिटारवादकाची तबकडी ऐकवली. जँगोचा डावा हात आगीत भाजलेला होता आणि तो दोनच बोटांनी वाजवायचा. मग टोनीने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, वर चामडं चिकटवलं, हलक्या तारा लावल्या आणि पुढे त्या तारा सैल करून सूर खाली उतरवला. 1971 च्या तिसऱ्या अल्बममध्ये हे स्पष्ट ऐकू येतं. ज्याला आज जग हेवी मेटल म्हणतं, त्याचा तो घोगरा जडपणा बराचसा त्या कापलेल्या बोटांतून आलेला आहे.

दादाने ही गोष्ट कुठल्याशा मासिकात वाचून बाबांना मोठमोठ्याने सांगितली होती. बाबांनी पूर्ण ऐकून घेतली आणि विचारलं, "कंपनीनं भरपाई दिली का पोराला?" मासिकात तेवढंच छापलेलं नव्हतं.

सैतानाची गाणी वगैरे जे म्हणतात ना, त्याबद्दल फार काही सांगत बसत नाही. त्यांची बहुतेक गाणी बेसवादक गीझर बटलरने लिहिली आणि त्यांत युद्धाचा संताप, वेड लागायची भीती, नशेने होणारी वाताहत असले विषय आहेत. सैतान आहे, पण त्याला बघून माणूस घाबरून पळतोय असा. पहिला अल्बम 1970 च्या फेब्रुवारीत, 13 तारखेला, शुक्रवारी आला. तिकडे ही तारीख अशुभ मानतात, एवढंच.

पुढे मिल बंद पडली. सोलापुरात कोणाला हे समजावून सांगायची गरज नाही. ज्यांचे बाप, काका, मामा एकाच वर्षात घरी बसले त्यांना ठाऊक आहे की त्या घरांमध्ये दुपारी काय व्हायचं. काहीच व्हायचं नाही. बाबांना ती शांतता सोसायची नाही. आई शेजारी शेंगा निवडायला गेली की ते मला खुणेने सांगायचे, "लाव ते तुझ्या दादाचं." मी लावायची. गणिताचा अभ्यास मी त्याच आवाजात केला आहे. आता बाबा नाहीत, दादा परदेशात आहे, कॅसेटची फीत कधीच गुंतून तुटली.

म्हणून 5 जुलैला बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्क मैदानावर ऑझीचा शेवटचा कार्यक्रम झाला, तेव्हा मी पहाटेपर्यंत लॅपटॉपसमोर जागी होते. मैदान त्याच्या लहानपणीच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. पार्किन्सन्समुळे त्याला उभं राहता येत नव्हतं. काळ्या सिंहासनावर बसून तो गायला. मूळचे चौघे वीस वर्षांनी पुन्हा एका मंचावर आले. मेटॅलिकापासून गन्स अँड रोझेसपर्यंत सगळे त्याच्याआधी वाजवून गेले आणि जमलेला पैसा पार्किन्सन्सवरच्या संशोधनाला, मुलांच्या इस्पितळाला आणि दुर्धर आजारी मुलांची काळजी घेणाऱ्या हॉस्पिसला द्यायचं ठरलं होतं. आवाज फाटत होता, मध्येच सूर सुटत होता. मला त्याचं काही वाटलं नाही. माणूस आपल्या मोहल्ल्यात परत येऊन सगळ्यांच्या देखत निरोप घेतोय, हे किती जणांच्या नशिबी असतं? सतराव्या दिवशी, 22 जुलैला, तो गेला. वय 76.

30 जुलैला त्याची अंत्ययात्रा निघाली. आपल्याकडे आदल्या दिवशी नागपंचमी झाली होती. ब्रॉड स्ट्रीटवरच्या कालव्यावरच्या पुलाला बँडचं नाव आहे आणि त्यावर चौघांच्या चेहऱ्यांचा एक बाक आहे. त्या बाकाभोवती फुलं, फुगे, चिठ्ठ्या यांचा ढीग लागला होता. हजारो लोक दोन्ही बाजूंना. शववाहिकेत जांभळ्या फुलांनी नाव लिहिलेलं. पुढे पितळी वाद्यांचा बँड चालत होता आणि 'आयर्न मॅन' वाजवत होता. घरची माणसं गाडीतून उतरली, ती फुलं पाहिली, बायकोने दोन बोटं वर केली. लोक त्याचं नाव ओरडत होते.

माझ्या एका सहकारी बाईंना हे विचित्र वाटलं. "मयताला असला गोंगाट?" मी म्हटलं, बाई, तुम्ही सोलापूरच्याच ना? आपल्याकडे हलगीशिवाय मयत उठत नाही अशा किती गल्ल्या आहेत. लिंगायत समाजात तर गेलेल्या माणसाला बसवून, सजवून, वाजतगाजत नेतात. शांत राहिलं म्हणजेच दुःख खरं, असं या गावाने कधी मानलेलं नाही.

आमची संध्याकाळ त्यानंतरच्या एका रविवारी झाली. मंडप आणि साउंडचा धंदा करणाऱ्या एका मित्राचं अक्कलकोट रोडच्या बाजूला गोदाम आहे, तिथे. श्रावण असल्यामुळे खाण्यात भडंग आणि चहा. कोण कोण आलं? एक गॅरेजवाला, दोन इंजिनिअरिंगची पोरं, यंत्रमागावर टॉवेल काढणाऱ्या एका तेलुगू घरातला गिटार वाजवणारा मुलगा, बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आणि माझ्याकडे बारावीला असलेल्या काही मुली. पहिला वाद हारावरून. फोटोला हार घालायचा की नाही? "काय बे, ऑझीला झेंडू?" असं एक म्हणाला. "मग काय गुलाब आणतोस का, दर बघितलास का?" असं दुसरा. शेवटी झेंडूच आला. मित्राची आई चहा घेऊन आली, फोटोतल्या गळ्यातला क्रूस, काळे कपडे, लांब केस बघून हात जोडले आणि मला हळूच विचारलं, "कुठल्या मठाचे?" मी म्हटलं, बर्मिंगहॅमच्या. त्यांनी मान डोलावली.

दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायचं बँकवाल्यांनी सुचवलं आणि सगळ्यांनी एकमुखाने फेटाळलं. गिटारवाल्या मुलाने तारा सैल केल्या आणि सुरू केलं. गोदामाचे पत्रे थरथरत होते. नऊ वाजता बंद केलं. हेही सांगून ठेवते, कारण काही जणांना तेवढंच विचारायचं असतं.

मध्येच माझ्या विद्यार्थिनींपैकी एकीने विचारलं, "मॅडम, पण ह्यानं बायकोचा गळा दाबला होता ना?" सगळे गप्प. गॅरेजवाला म्हणाला, आज तो विषय नको. मला ते पटलं नाही. आजच तो विषय हवा. 1989 साली दारूच्या आणि नशेच्या भरात त्याने शॅरनवर हल्ला केला होता, पोलिसांनी अटक केली होती, तिने पुढे तक्रार चालवली नाही. वटवाघळाचं डोकं चावल्याचा 1982 चा किस्सा सगळे हसत सांगतात. त्याला ते रबराचं वाटलं होतं, नंतर रेबीजची इंजेक्शनं घ्यावी लागली. शॅरनची गोष्ट मात्र कोणी काढत नाही. आपल्याकडे चौकाचौकांत 'भावपूर्ण श्रद्धांजली'चे फ्लेक्स लागतात आणि रात्रीत प्रत्येक माणूस कर्तव्यदक्ष, मनमिळाऊ आणि दानशूर होतो. ऑझीला तसल्या फ्लेक्सवर चढवायची माझी इच्छा नाही. त्या मुलीला मी म्हटलं, हो, दाबला होता. आम्ही त्याच्या गाण्यासाठी जमलोय, चारित्र्याचा दाखला द्यायला नाही. तिचं समाधान झालं असं तिच्या चेहऱ्यावरून दिसलं नाही, पण ती शेवटपर्यंत थांबली.

गेलेल्या वादकासाठी काय करावं, याचा धडा तसा ऑझीकडूनच घेता येतो. त्याचा तरुण गिटारवादक रँडी ऱ्होड्स 19 मार्च 1982 ला फ्लोरिडात छोट्या विमानाच्या अपघातात गेला. वय अवघं 25. पाच वर्षांनी ऑझीने रँडीच्या स्मरणार्थ दोघांच्या मैफलींचं ध्वनिमुद्रण बाजारात आणलं. त्याच्या मुखपृष्ठावर ऑझीने रँडीला गिटारसकट उचलून धरलंय. दादाच्या खोलीत ते पोस्टर होतं आणि बाबा त्याला 'लेक उचललेला माणूस' म्हणायचे.

आता मूळ प्रश्न. कोण लागायचा? मी उलट विचारते, डॉ. द्वारकानाथ कोटणीस चीनमधल्या लोकांचे कोण लागायचे? आपल्या सोलापुरात जन्मलेला डॉक्टर 1938 साली पाच डॉक्टरांच्या पथकातून तिकडे गेला, युद्धातल्या जखमींवर उपचार करत राहिला, तिथल्याच मुलीशी लग्न केलं आणि 9 डिसेंबर 1942 ला, बत्तिसाव्या वर्षी, तिथेच वारला. आजही तिथे त्यांच्या समाधीवर फुलं वाहिली जातात. भैय्या चौकात त्यांच्या जन्मघरी स्मारक आहे, तिथे चीनमधून पाहुणे येतात, तेव्हा आपण त्यांना "हे तुमचे कोण?" असं विचारत नाही. उलट छाती फुगवून वाट दाखवतो. डॉक्टर आणि दारुडा गायक एका पारड्यात कसे, असं बँकवाल्यांनी मला विचारलंच. एका पारड्यात नाहीतच. कोटणिसांनी माणसं वाचवली, ऑझीने गाणी म्हटली. मी बोलतेय ती फुलं वाहणाऱ्यांबद्दल. ज्याला कधी पाहिलं नाही, ज्याची भाषा कळत नाही, अशा माणसाचं आपल्या घरावर काहीतरी देणं असू शकतं, आणि ते कोणतं हे ज्याच्या त्याच्या घरालाच ठाऊक असतं. आमच्या घरावरचं देणं मी वर सांगितलं.

आणखी एक प्रश्न हल्ली मुलं विचारतात, तो जास्त कामाचा आहे : सुरुवात कुठून करू? 1970 पासून करा. बँडचे पहिले दोन्ही अल्बम त्याच वर्षीचे आहेत, क्रमाने ऐका, मधलं काही गाळू नका. मोठ्या स्पीकरवर ऐका, इयरफोन कानात कोंबून नको. आणि आवाज मी सांगेन त्याच्या निम्मा ठेवा. मागावरच्या माणसाच्या घरात वाढले आहे, कान गेल्यावर काय होतं ते मला माहीत आहे.