मार्चमध्ये शाळेची पोरं घेऊन गुलमर्गला स्कीइंग

मार्चच्या उत्तरार्धात गुलमर्गचा बर्फ दिवसातून तीनदा रूप बदलतो. सकाळी तो रात्रभर गोठून टणक झालेला असतो, नवशिक्याची स्की त्यावर नुसती घसरते. दहाच्या सुमारास वरचा थर सुटतो, आणि मग शिकायला याहून चांगला बर्फ नाही. जेवणवेळेपर्यंत त्याचा ओला, जड गाळ होतो; स्की रुतते आणि दमलेल्या पोराचा गुडघा पिळवटतो. आमच्याकडे जी काही पडापड झाली ती बहुतेक दुपारचीच. म्हणून प्रशिक्षकांशी आधीच ठरवा: धडा जेवणापूर्वी संपवायचा. पोरं 'सर, अजून एकदाच' म्हणणार. नाही म्हणायचं.

आमची शाळा सीबीएसईची, त्यामुळे परीक्षा आणि एप्रिलमधलं नवं सत्र यांच्यामध्ये फट मिळते. राज्य मंडळाच्या शाळांच्या वार्षिक परीक्षा एप्रिलमध्ये, त्यांनी फेब्रुवारीच बघावा. रमजान कधी आहे तेही पाहून घ्या. स्थानिक प्रशिक्षकांचे रोजे असतात.

श्रीनगरहून गुलमर्ग साधारण ५० किलोमीटर. शेवटचा घाट टंगमर्गपासून लागतो. ताजा बर्फ पडला असेल तर तिथे चाकांना साखळ्या लावलेल्या गाड्यांत बसावं लागतं. भाड्याचे कोट आणि गमबूट घेऊन माणसं तिथेच गराडा घालतात. कोट घरचा चालतो; पाणी न शिरणारी पँट मात्र हवीच. जीन्स घातलेलं पोर तासाभरात ओलं होऊन कुडकुडतं.

स्कीच्या बुटांचं माप पायाच्या सेंटिमीटरवर असतं. प्रत्येकाचा पाय घरी मोजून यादी दुकानदाराला आधी पाठवा, नाहीतर पहिली सकाळ बूट बदलण्यात जाते. मोजे एकच जोडी, लांब आणि जाड. आयांनी प्रेमाने दोन-दोन घालून पाठवलेले असतात. त्यांनी बूट चावतो आणि पाय उलट गार पडतो.

पहिल्या दिवशी उतारावर वर खेचून नेणारी लिफ्ट नको. आडव्या पावलांनी चढणं, पडणं, उठणं आणि स्नो प्लाऊ, म्हणजे स्कीची पुढची टोकं जवळ आणि मागची लांब करून थांबणं, एवढंच. आठ पोरांमागे एक प्रशिक्षक यापेक्षा जास्त गर्दी मी मान्य करणार नाही. गंडोलाची, म्हणजे तिथल्या रोपवेची, तिकिटं आधीच ऑनलाइन काढा. दुसऱ्या टप्प्याला अफरवट डोंगरावर ३,९०० मीटरच्या पुढे नेतात. तिथे पोरांना फक्त बघायला न्या. वरच्या उतारांवर हिमस्खलनाचा धोका असतो, ती जागा नवशिक्यांची नाही.

या सहलीत पहलगाम, सोनमर्ग कोंबण्याचा मोह पालकसभेत हमखास होतो. त्याला बळी पडू नका. सलग चार सकाळी मिळाल्या तर बहुतेक पोरं वळायला शिकतात. दोन मिळाल्या तर फक्त फोटो निघतात.

बाहेरचं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, तेव्हा सोबतच्या प्रत्येक शिक्षकाकडे पोस्टपेड हवं. सनस्क्रीन हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या खालीही लावायला सांगा, ऊन बर्फावरून उलटं येतं. रात्री खोलीत बुखारी (लाकडाची शेगडी) किंवा गॅस हीटर पेटता ठेवून कोणी झोपत नाही ना, हे शिक्षकाने स्वतः फिरून बघावं. बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइड साचतो आणि त्याला वास नसतो.

परतीला विमानतळावर निदान तीन तास आधी पोहोचा. टर्मिनलच्या बरंच आधी फाटकावर सगळं सामान उतरवून तपासतात, चाळीस पोरांचं म्हटलं की वेळ जातो. आणि कपडे आदल्या रात्री वाळवून घ्या. ओल्या कपड्यांनी बॅगा १५ किलोच्या वर जातात आणि जादा वजनाचे पैसे काउंटरवर शिक्षकालाच भरावे लागतात.