लिफ्ट चालू आहे, पण आई खाली येत नाही

रविवार, रात्री ११ वाजून गेलेत

आज अकराव्या दिवशी लिफ्ट चालू झाली. दुपारी वॉचमनने वर येऊन सांगितलं, मी लगेच आत जाऊन आईला म्हटलं चल गं, बाकावर बसू जरा, तर ती म्हणाली राहू दे, उद्या बघू. दहा दिवस गॅलरीत उभी राहून खालच्या बायकांशी हातवारे करून बोलणारी माझी आई, आणि आज राहू दे म्हणते. तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय म्हणून लिहायला बसले.

आम्ही डोंबिवलीत भाड्याने राहतो, पाचवा मजला. बिल्डिंग सात मजली, लिफ्ट एकच, जुनी, जाळीच्या दरवाजांची. एका मजल्याला १८ पायऱ्या म्हणजे आमच्यापर्यंत ९०. आई ७८ वर्षांची, उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, डावा दुखतोच, घरात वॉकर घेऊन चालते. फिजिओवाल्या ताईंनी शिकवलंय चढताना चांगला पाय आधी टाकायचा आणि उतरताना दुखरा आधी, पण हिचा चांगला पाय म्हणजे ऑपरेशन झालेलाच, आणि हे ९० वेळा करायचं.

ह्यावेळी पावसाचं पाणी लिफ्टच्या खड्ड्यात साचलं आणि लिफ्ट चालवणाऱ्या पॅनलमधलं कार्ड जळालं. कार्ड मागवलंय, आलं की बसवू, एवढंच उत्तर मिळत होतं. खाली नोटीस होती, लिफ्ट बंद आहे, गैरसोयीबद्दल क्षमस्व. तारीख नाही काही नाही. मला त्या गैरसोय शब्दाचाच राग येतो. मी दमून वर येते ती गैरसोय, पण आईची मोतीबिंदूच्या तपासणीची तारीख गेली, ती अकरा दिवस उंबऱ्याबाहेर पडली नाही, ह्याला गैरसोय कसं म्हणायचं? तपासणीला खुर्चीत बसवून उचलून नेऊ म्हणाली चार मुलं, मनापासून म्हणाली, पण आई तयार होईना. वळणावर खुर्ची कलंडेल ही भीती, आणि चार तरुण मुलांच्या हातावर असं जायचं ह्याची लाज. ती लाज मला समजते.

पण खरी गोष्ट गेल्या वर्षीची आहे. संध्याकाळी लाइट गेली तेव्हा आई लिफ्टमध्ये एकटी होती. लाइट गेली की बॅटरीवर लिफ्ट जवळच्या मजल्याला येऊन थांबते, तशी सोय आमच्याकडेही आहे, पण ती बॅटरीच संपलेली होती आणि कोणी बघितलंच नव्हतं. चौथ्या मजल्याच्या थोडी खाली लिफ्ट अडकली. अंधारात जाळीला धरलेली तिची बोटं तेवढी मोबाइलच्या उजेडात दिसत होती मला. वॉचमन म्हणाला दरवाजा उघडून वर ओढून घेऊ, मी नाही म्हटलं, मधेच लिफ्ट हलली तर काय होईल, मेकॅनिक येईपर्यंत थांबायचं. पंचवीस मिनिटं मी पायरीवर बसून तिच्याशी बोलत होते, काय बोलले आठवत नाही, तिला उभं राहवत नव्हतं आणि खाली बसली तर गुडघ्यामुळे उठता येणार नाही म्हणून ती बसतही नव्हती. त्या दिवसापासून ती लिफ्टमध्ये शिरताना आधी विचारते, लाइट जाणार नाही ना आज?

तिसऱ्या मजल्यावरचे दादा पोलिओमुळे पायाला आधाराचा पट्टा, कॅलिपर, लावतात, ठाण्याला नोकरी. त्यांचं तर रोजचंच. ऑफिसमधून निघायच्या आधी वॉचमनला फोन करून लिफ्ट चालू आहे का विचारतात. बंद असली तर ५४ पायऱ्या, एका हाताने कठडा, पाय ताठ, बॅग गळ्यात. ह्या अकरा दिवसांत त्यांच्या पाच सुट्ट्या गेल्या. लोक म्हणतात त्यांना सवय आहे. परवा जिन्यात भेटले तेव्हा मी थांबले तर म्हणाले, ताई, चढायचं नाही एवढं वाटत, पण सकाळी निघताना संध्याकाळचं काही माहीत नसतं, त्याने जास्त दमायला होतं. आणि सातव्या मजल्यावर कोणी जाळी नीट लावली नाही की लिफ्ट तिथेच अडकते, कारण एक दरवाजा जरी उघडा असला तरी ती हलत नाही, मग दादा खालून ओरडत बसतात, दरवाजा लावा!

सोसायटीच्या सेक्रेटरी काकांना भेटले. म्हणाले तुम्ही मेंबर नाही, ओनरला सांगा. ओनर पुण्याला. तो मेंटेनन्स भरतो, वर आम्हाला ठेवलंय म्हणून नॉन-ऑक्युपन्सी चार्जेसही भरतो, आणि ते सगळं भाड्यात आमच्याकडूनच जातं, पण मीटिंगमध्ये आम्हाला बोलायला जागा नाही. तिथे मात्र तळमजल्यावाले दरवेळी विचारतात आम्ही लिफ्ट वापरत नाही तर पैसे का द्यायचे, आणि बायलॉजमध्ये, म्हणजे सोसायटीच्या नियमांत, लिफ्टचा खर्च सगळ्यांनी सारखा द्यायचा असं लिहिलेलं असूनही अर्धा वेळ त्यातच जातो, एएमसी म्हणजे लिफ्टच्या देखभालीचा वर्षाचा करार, तो आणि बॅटरीचा विषय राहून जातो. मी काकांना एवढंच म्हटलं, नोटिशीवर तारीख लिहा, चुकली तर नवीन लिहा, आणि कुठल्या घरात कोण उतरू शकत नाही ह्याची यादी वॉचमनकडे ठेवा. बघतो म्हणाले.

सोमवार, संध्याकाळ

आई आज स्वतःहून म्हणाली जाऊया. साडी बदलली, चपला घातल्या, आणि एक कापडी पिशवी माझ्या हातात दिली. आत बघितलं तर रात्रीची बीपीची गोळी, पाण्याची बाटली, शाल आणि दोन पोळ्या डब्यात. म्हणाली, वर येताना बंद असली तर बसावं लागेल ना खाली. मी काही बोलले नाही. तिच्या फोनचा चार्जर त्यात टाकला आणि लिफ्टचं बटण दाबलं.